तेराव्या अध्यायापाशी

फेब्रुवारी सरत आला की पवनेवर जलपर्णी चढते. काळेवाडीच्या पुलावरून पाहिलं तर पाणी दिसतच नाही, नुसतं हिरवं पसरलेलं दिसतं. त्या हिरव्याखालून डास उठतात आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला आमच्या गल्लीत शिरतात. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या उपासकाळातल्या प्रार्थनासभाही साडेपाचलाच. त्यामुळे उपासकाळ सुरू करणारा भस्मबुधवार म्हटलं की इतरांना काय आठवत असेल ते असो, मला डासांच्या कॉइलचा धूर आठवतो, आणि त्या धुरात खोकत खोकत म्हटलेली गाणी.

यंदाही भस्मबुधवार आला. उपासना संपल्यावर पाळकसाहेब पायरीपाशी उभे होते. कपाळावरची राख पुसावी की राहू द्यावी या विचारात मी होते, तेवढ्यात ते म्हणाले, "मालनताई, यंदा संध्याकाळचं वाचन परत घ्याल का? तुमच्यासारखा खणखणीत आवाज दुसऱ्या कुणाचा नाही." मी म्हटलं, "घसा बरा नाही, साहेब." दहा वर्षं मी हेच सांगत आले आहे. दहा वर्षं घसा बरा नसलेली बाई कंपनीत लाइनवरच्या पोरींवर दिवसभर कशी ओरडते, हे त्यांनी कधी विचारलं नाही. भला माणूस आहे.

आमच्याकडची रीत अशी. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, रविवार सोडून, रोज एका घरी सभा. ज्याच्या घरी सभा त्याने सतरंजी, कॉइल आणि चहा एवढं बघायचं. पवित्र शास्त्रातलं एखादं पुस्तक धरायचं आणि एका घरी एक अध्याय असं करत पुढे जायचं. वेळ साडेपाचची, कारण पहिल्या पाळीची माणसं तोवर चाकण-भोसरीहून घरी आलेली असतात आणि बारा तासांच्या रात्रपाळीची बस पावणेसातला फाट्यावर लागते. या दोहोंच्या मधल्या फटीत आम्ही देवाला बसवतो. कधी गाण्यांत वेळ जातो, कधी कुणी देवाने काय केलं याची साक्ष द्यायला उठतं आणि बसायचं नाव घेत नाही. तरी अध्याय एकच. उरलेलं उद्या, पुढच्या घरी.

दहा वर्षांपूर्वी, मी वाचन केलं त्या शेवटच्या वर्षी, आम्ही लहान संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप सांगणारे, धरले होते. बारा जण आहेत ते. लहान म्हणायचं ते पुस्तकं लहान म्हणून, राग मात्र सगळ्यांचा भरपूर. पहिलं पुस्तक होशेयचं, चौदा अध्यायांचं. बायका कुरकुरल्या. कुणाला स्तोत्रं हवी होती, कुणाला शुभवर्तमान. मला संदेष्टेच हवे होते आणि वाचन माझ्याकडे होतं, म्हणून संदेष्टे ठरले.

मला ते आवडायचे, अगदी मनापासून. मी चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत, क्वालिटीला. वायरचं प्रत्येक जुडगं माझ्या टेबलावरून जायचं. टोक नीट दाबलंय का, रंग बरोबर आहे का, लांबी मापात आहे का. या बारांमधला एक आमोस. त्याला देव दिसतो तो भिंतीपाशी उभा, हातात ओळंबा घेऊन. भिंत सरळ आहे की झुकली आहे ते बघणारा. मला वाटायचं, हा आपल्याच डिपार्टमेंटचा. दारू पिऊन उपासनेला येणारे, वजनात मारणारे, गरिबाला लुबाडून वर देवाला दशांश देणारे, सगळ्यांना ते संदेष्टे नाव घेऊन झाडतात. मी वाचायला लागले की सतरंजीवरची माणसं सावरून बसायची. त्यात मला सुख वाटायचं हे आज कबूल करते.

कंपनीतली एक गोष्ट मात्र मी तेव्हा शास्त्राशी जोडून पाहिली नव्हती. एखादं जुडगं रिजेक्ट करायला माझी एकटीची सही पुरते. लाल पेटीत टाकलं की संपलं. तेच दुरुस्त करून परत घ्यायचं, म्हणजे रिवर्कला पाठवायचं, तर तीन सह्या लागतात, फॉर्म भरावा लागतो, आणि एखाद्या पोरीला मान खाली घालून तासभर त्याच्याशी झटत बसावं लागतं. घाईच्या दिवशी चांगली चांगली जुडगी आम्ही लाल पेटीत टाकायचो. कुणी कधी बोललं नाही.

दया माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा आणि मी एकोणीसची. वडील आधीच गेले होते. त्याला मी वाढवलं, त्यात माझं लग्न राहून गेलं, आणि हे मी त्याला कधीच बोलून दाखवलं नाही असं मी गल्लीत सगळ्यांना सांगत असे. तो चाकणलाच एका पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये होता, कायम रात्रपाळीला. स्वभावाने इतका मऊ की बसमध्ये बसायला जागा मिळाली तरी उतरेपर्यंत दोनदा उठून दुसऱ्याला देणार. त्याची बायको सुनीता, श्रीरामपूरकडची. बारीक अंगाची, कमी बोलणारी. गाताना मात्र डोळे मिटून गायची आणि तेवढ्यापुरती दुसरीच कुणी वाटायची.

ती एका कंपनीत पॅकिंगला जायची, दिवसपाळीला. म्हणजे ती घरी यायची तेव्हा दया निघायच्या तयारीत, आणि तो सकाळी यायचा तेव्हा ती दारातून बाहेर. रविवारी तो पडदे ओढून झोपलेला. उरले कोण, तर मी. भाजीत मीठ किती, चादरीची घडी कशी, मूल का राहत नाही. तिचं दोनदा गळालं होतं. दुसऱ्या वेळी मी तिला दवाखान्यात नेलं आणि रिक्षातून परत येताना म्हटलं, जपायला हवं होतंस. मी हे प्रेमानेच म्हटलं अशी माझी तेव्हा खात्री होती. त्या घरात तिला संध्याकाळभर मी होते आणि रात्रभर कुणी नव्हतं, हे आज मला कळतं.

लग्नाच्या सहाव्या वर्षी ती गेली. तिच्या कंपनीतल्या एका माणसाबरोबर. किल्ली शेजारच्या कांबळेकाकूंकडे ठेवली आणि गेली. अकरा महिने तिचं नाव आमच्या घरात निघालं नाही. म्हणजे मी निघू दिलं नाही. दया सकाळी यायचा, जेवायचा, झोपायचा. एकदा मी त्याला म्हटलं, "रडून घे एकदाचं." तो म्हणाला, "रडतो की ताई, बसमध्ये."

होशेयची गोष्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. त्याची बायको त्याला सोडून दुसऱ्याकडे जाते. देव त्याला सांगतो, जा, तिच्यावर परत प्रेम कर, तिला घरी आण, कारण माझंही माझ्या लोकांबरोबर असंच झालं आहे. मग पुस्तकभर देव बोलतो, आणि एका तोंडाने बोलत नाही. आत्ता म्हणतो फाडून टाकीन, लगेच म्हणतो तुला कसा टाकू, माझ्याच पोटात कालवाकालव होते. कोर्टातला न्यायाधीश असा बोलत नाही. घरातला माणूस असा बोलतो, ज्याचं जेवण ताटात तसंच राहिलं आहे. हे मी तेव्हाही वाचत होते, बारा दिवस रोज एकेक अध्याय. माझ्याच घरात काय चाललं आहे ते मात्र मला दिसत नव्हतं.

आणखी एक. त्या सबंध पुस्तकात ती बाई एकदाही स्वतः बोलत नाही. ती काय म्हणते तेही दुसराच सांगतो. ती का गेली, तिचं त्या घरात काय चाललं होतं, कुणी विचारलेलं नाही. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

तेराव्या दिवशी सभा आमच्या घरी होती. दुपारी दया झोपेतून उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "ताई, आज सुनीता येणारे. मी बोलावलंय."

"सभेला?"

"सभेला. सगळ्यांच्या समोर एकदाच आलेलं बरं, म्हणाली. मग नंतर कुणाला तोंड चुकवायला नको."

मी कणीक मळत होते. म्हटलं, "प्रार्थना सगळ्यांना खुली आहे."

"घराचं म्हणतोय मी," तो म्हणाला. मी कणकेला पाणी लावलं. मग तो म्हणाला, "आज तेरावा ना? चौदावाही घे की जोडून. लहानच आहेत दोन्ही."

"एका घरी एक अशी रीत आहे," मी म्हटलं.

त्याने आयुष्यात माझ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. शाळेची सहल एकदा मागितली होती, तिलाही मी नाही म्हटलं होतं. आणि हे.

ती आली, दाराशी चपलांजवळ बसली. अंगावर जुनीच जांभळी साडी. बायकांनी तिच्याकडे पाहिलं नाही, म्हणजे सगळ्यांनी पाहिलं. गाणं झालं, तिने म्हटलं नाही. मी पुस्तक उघडलं. तेराव्या अध्यायात देव सिंहासारखा, चित्त्यासारखा, पिल्लं गमावलेल्या अस्वलीसारखा येतो. मी तो अध्याय कसा वाचला असेल ते माझा आवाज माहीत असणाऱ्यांनी ओळखावं. शेवटी गरोदर बायकांबद्दल एक ओळ आहे. फार क्रूर ओळ आहे, इथे लिहीत नाही. आमच्यातले जुने लोक ती वाचताना आवाज खाली आणतात. मी आणला नाही. तिचं दोनदा गळालं होतं हे मला ठाऊक असताना मी ती ओळ स्वच्छ वाचली.

घड्याळात सहा वीस झाले होते. पुढचा अध्याय त्याच पानावर, माझ्या बोटाखाली होता. दहा ओळींचाच म्हणा ना. त्यात देव म्हणतो, या परत, मी तुमचं भटकणं बरं करीन, आता माझा राग गेला आहे, मी तुमच्यावर दहिवरासारखा पडेन. दया भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होता. मी पुस्तक मिटलं. म्हटलं, "उरलेलं उद्या, साळव्यांच्या घरी."

माझ्या मनात काय होतं ते सांगते, कारण ते लपवून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. तिला मी कायमचं हाकलणार नव्हते. चौदावा मी वाचणारच होते, दुसऱ्या दिवशी, तिच्यासमोर, सगळ्यांसमोर, आणि मग तिला हाताला धरून घरी आणणार होते. फक्त एक रात्र तिने तेराव्यात काढावी असं मला वाटलं. अकरा महिने माझ्या भावाने काढले, हिने एक रात्र काढली तर काय बिघडलं. दया करायचीच आहे, पण जरा भाजून निघाल्यावर, म्हणजे तिची किंमत कळेल. देवाची दया मी उद्यावर टाकली आणि मला ते शिस्तीचं वाटलं.

दया उठला. त्याची पिशवी मीच त्याच्या हातात दिली. "बस चुकेल," म्हटलं. तो तिच्याजवळ वाकून म्हणाला, "थांब. सकाळी येतोच." आणि गेला. त्या दिवशी त्याने खाडा केला असता तर, असं मी पुढे अनेकदा मनात म्हटलं. पण त्याला पिशवी देणारी मीच होते, आणि मी दिलेली पिशवी त्याने सात वर्षांचा असल्यापासून कधी नाकारली नव्हती.

माणसं पांगली. मी आत कप विसळत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात आली. "ताई," म्हणाली. एवढंच. मी मागे वळून न बघता म्हटलं, "उद्याची सभा साळव्यांकडे आहे. उद्या ये."

जिचं ते घर होतं तिला मी उद्या ये म्हटलं.

सातच्या सुमाराला कांबळेकाकू आल्या. त्यांच्याकडे बुद्धवंदना असते, आमच्या सभांना त्या येत नाहीत, पण भिंत एकच असल्यामुळे सगळं ऐकू जातं. त्या परभणीकडच्या, बोलणं सरळ. म्हणाल्या, "ताई, तुमच्या देवाचं तुमी बघा, त्यातलं मला काय कळत न्हाई. पर ती पोरगी पानी सुदिक न पिता गेली. आज रात्री कुटं ऱ्हानार, इचारलं का तुमी?" मी विचारलं नव्हतं. तिच्या नावाचा कप ओट्यावर भरलेला होता, त्यावर साय धरली होती.

दुसऱ्या दिवशी साळव्यांच्या घरी मी चौदावा वाचला. प्रत्येक ओळीला दाराकडे बघत. ती आली नाही. दया कामावर गेला नव्हता, बाहेर कट्ट्यावर बसून ऐकत होता. सकाळपासून तो स्टेशन, स्टँड, तिच्या ओळखीच्या दोन-तीन खोल्या हिंडून आला होता. सभा संपल्यावर मला म्हणाला, "छान वाचलंस, ताई." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले तरी असते. मला घसा बरा नसण्याचा आजार जडला तो त्या संध्याकाळपासून.

पुढे केव्हातरी मी पाळकसाहेबांना विचारलं, तेरा आणि चौदा असे वेगळे का केले असतील. ते म्हणाले, "बाई, अध्यायांचे आकडे फार नंतर घातलेत, शोधायला सोपं जावं म्हणून. मूळ इब्री भाषेत ते सलग आहे. कुठे थांबायचं असं लिहिलेलं नाही." घरी येऊन मी ते पान परत उघडलं. फाडून टाकीन आणि या परत, या दोहोंच्या मध्ये देवाने एक रात्रसुद्धा ठेवली नव्हती. ती मी ठेवली.

मी संडे स्कूलला पंधरा वर्षं त्या बारांमधलाच योना शिकवला. पोरांना मासा आवडतो. तीन दिवस माशाच्या पोटात, मग बाहेर, मग निनवे शहराला नाशाची ताकीद, लोक सुधारतात, गोष्ट संपली. पण ती तिथे संपत नाही. शहर वाचलं म्हणून योना रुसतो. शहराबाहेर मांडव घालून बसतो, अजून तरी आग पडते का बघत. देवाला म्हणतो, मला ठाऊकच होतं तू ऐनवेळी विरघळणार. हा भाग आम्ही पोरांना शिकवत नसू, त्यात मासा नाही म्हणून. खरं तर सगळं पुस्तक त्या भागासाठी लिहिलेलं आहे. ताकीद दिली ती खरी व्हावी म्हणून दिलीच नव्हती. संदेष्ट्याचं बोलणं खोटं पडलं, यातच त्याचं यश होतं. हे योनाला कळलं की नाही ते पुस्तक सांगत नाही. मला कळायला वर्षं गेली, आणि तोवर मी शहराबाहेर बसून होते.

रागवायचा हक्क कुणाचा होता, हेही मग लक्षात यायला लागलं. ज्याची बायको गेली त्याचा. त्याने तो वापरला नाही. मी त्याच्या वतीने रागावले, त्याने न सांगता. संदेष्ट्यांचा देव रागावतो तेव्हा त्याचं स्वतःचं काळीज फाटलेलं असतं, म्हणून त्याला माफ करताही येतं. माझं काहीच फाटलं नव्हतं. मी नुसती तपासणी करत होते.

दयाने पाळी बदलून घेतली. पुढच्याच महिन्यापासून दिवसपाळी, रविवारी सुट्टी. मला वाटलं, सावरला. मग रविवारी उपासनेनंतर तो ओव्हरटाइमला जाऊ लागला. मी त्यावरही बोलले. "प्रभूच्या दिवशी कसला ओव्हरटाइम," म्हटलं. तो हसून म्हणाला, "मशीनला कुठं कळतं ताई, रविवार आहे ते." डबा मात्र मागायचा, जरा जास्तच. ओव्हरटाइमला भूक लागते म्हणायचा. मी भाकऱ्या, वांगं, कधी कालवण, असा दोन माणसांना पुरेल एवढा डबा नऊ वर्षं दर रविवारी भरून दिला. आयुष्यभर तपासणी केलेल्या बाईला तो डबा कधी खटकला नाही.

गेल्या पावसाळ्यात, एका शनिवारी, पाळीवर असतानाच त्याच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. रविवारी दुपारी माती द्यायची होती. सकाळी नातेवाइकांना कळवायला मी त्याचा फोन हातात घेतला आणि शेवटच्या कॉलमध्ये नाव दिसलं, सुनीता. शुक्रवारचा. त्याच्या खाली परत सुनीता. खाली सरकवत गेले, तेच. त्याने नाव लपवलंही नव्हतं. मी कधी बघेन असं त्याला वाटलं नसणार, किंवा बघावं असंच वाटत असेल.

मी फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "अहो, निघालात का? आज पाऊस फार आहे इकडे, छत्री घ्या."

मी तिला काय सांगितलं ते मला आठवत नाही. ती आली. कबरस्तानात बायकांच्या मागे उभी राहिली, मूठभर माती टाकली आणि कुणाशी न बोलता परत गेली. तिची दुसऱ्या माणसाची बायको म्हणून मी नऊ वर्षं कल्पना केली होती. ती माझ्या भावाची बायको होती, रविवारपुरती.

महिन्याने मी फोनवर पत्ता विचारून राजगुरुनगरला तिच्याकडे गेले. स्टँडच्या मागच्या बाजूला एक खोली. ती शाळेचे युनिफॉर्म शिवते. मशीनवर निळ्या चड्ड्यांचा ढीग, आणि बाहेरच्या दोरीवर दयाचा चौकटीचा शर्ट, जो मी घरात दोन वर्षं शोधत होते. "सलाम, ताई," म्हणाली आणि खुर्ची पुसून दिली. आधी पाणी आणलं. मी ते पाणी प्यायले तेव्हा कांबळेकाकूंचे शब्द आठवून इतकी लाज वाटली की पेला खाली ठेवता येईना.

मी म्हटलं, "सुनीता, त्या दिवशी मी पुढचा अध्याय वाचला असता तर तुला कळलं असतं. त्यात सगळं होतं. मी तुला अर्धंच ऐकवलं." हे वाक्य मी नऊ वर्षं मनात घोळवलं होतं.

ती म्हणाली, "पुढचं मला पाठ होतं, ताई. आमचे दादा लहानपणी पाठ करून घ्यायचे. देव काय म्हणतो ते ठाऊक होतं मला." मग चड्डीचा एक दोरा तोडत म्हणाली, "ते तुमच्या तोंडून ऐकायला आले होते."

मला रडू आलं. तिला आलं नाही. तिचं बहुधा बरंच आधी रडून झालं होतं. मी म्हटलं, "चल घरी." ती म्हणाली, "आता कुणाकडे?" त्यात राग नव्हता, तिला खरंच प्रश्न पडला होता.

मग मी विचारलं, जे विचारायला मी गेले होते. "तुम्ही नवरा-बायको होतात. माझ्या परवानगीची गरज नव्हती. इथेच एकत्र राहायचं होतं, किंवा सरळ दारात येऊन उभं राहायचं होतं. मी काय केलं असतं? एवढी वर्षं असं रविवारपुरतं भेटत का राहिलात?"

"मी म्हणायची की," ती म्हणाली, "दर वर्षी उपासकाळ आला की म्हणायची, जाऊ या आपण, बघू काय म्हणतात. ते म्हणायचे, नको, तिच्यावर जबरदस्ती नको. तिला एकटीलाही टाकायचं नाही. ताईचं मन चांगलं आहे, ती आपणहून बोलवेल. तिला अजून थोडा वेळ देऊ."

बाहेर एसटी लागल्याचा पुकारा झाला. ती उठून चहा ठेवायला गेली. मी दोन महिने आधी गेले असते, तरी त्या खोलीत आम्ही तिघं बसलो असतो.